सव्वाअकराचा उपग्रह आणि उधाणाची ओहोटी : बंदरातील गाळउपशाच्या देखरेखीचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

उत्तर कोकणातील एका खाडीच्या मुखाशी मध्यम आकाराचे बंदर आहे. मोठी जहाजे धक्क्यापर्यंत यावीत म्हणून तेथील जलमार्गात साचलेला गाळ दरवर्षी पावसाळ्यानंतर उपसावा लागतो आणि हे काम साधारणपणे डिसेंबर ते मार्च या काळात चालते. खाडीमुखाच्या बाहेर, जलमार्गाच्या दक्षिणेस, जवळच्या कोळीवाड्यांची डोल जाळी लागतात. बंदर चालवणारी कंपनी, गाळ उपसणारा कंत्राटदार, मच्छीमारांची सहकारी सोसायटी आणि उपग्रहाच्या प्रतिमांवरून पाण्याच्या गढूळपणाचे मोजमाप करणारा नागपुरातील एक छोटा सल्लागार गट हे या प्रकरणातील चार पक्ष होत. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत किंवा गाळले आहेत. हे टिपण गटाच्या बैठकांच्या नोंदी, अहवालाच्या दोन आवृत्त्या आणि संबंधितांशी झालेल्या बोलण्यांवरून तयार केले आहे.

समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या नागपुरात बंदराचे काम कसे पोहोचले, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. नीरी या नावाने परिचित असलेली पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय संशोधन संस्था १९५८ पासून या शहरात आहे, महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्रही येथेच आहे. या दोन्ही संस्थांचा प्रस्तुत प्रकरणाशी संबंध नाही, परंतु त्यांच्यामुळे उपग्रहाच्या प्रतिमा वाचणारे आणि पाण्याचे नमुने तपासणारे मनुष्यबळ शहरात तयार झाले आणि त्यातूनच असे छोटे गट उभे राहिले. या गटाने अंबाझरी, फुटाळा आणि गोरेवाडा या तलावांवर जलकुंभीचा पसारा आणि पाण्याचा गढूळपणा उपग्रहावरून मोजण्याचे काम काही वर्षे केले होते. बंदराच्या कंपनीला कमी खर्चात आणि दरवर्षी करता येईल अशी देखरेख हवी होती, आणि गटाचा प्रस्ताव त्या अपेक्षेत बसत होता.

समस्या

सोसायटीची तक्रार अशी होती की गाळउपसा सुरू झाला की डोल जाळ्यांत चिखल भरतो, जाळी जड होतात, आणि बोंबील व जवळा यांची आवक घटते. डोल हे पिशवीच्या आकाराचे जाळे समुद्रतळाशी रोवलेल्या खुंटांना बांधलेले असते. त्याचे तोंड प्रवाहाकडे असते आणि मासे पाण्याच्या ओढीनेच आत येतात, त्यामुळे पाणी ज्या दिशेने जाते आणि जे काही सोबत नेते, ते सर्व जाळ्यातून गाळले जाते. तक्रारीवर कंत्राटदाराचे उत्तर होते की या खाडीचे पाणी बारा महिने गढूळच असते आणि उपशामुळे त्यात फारशी भर पडत नाही. दोन्ही बाजू आपापल्या जागी प्रामाणिक होत्या, मात्र दोघांकडेही मोजलेला आकडा नव्हता.

बंदराकडे जे मोजमाप होते ते महिन्यातून एकदा, ठरलेल्या ठिकाणी, सोयीच्या वेळी होडीतून घेतलेल्या नमुन्यांचे होते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या किनारी पाण्याच्या वर्गवारीत बंदराचे पाणी एसडब्ल्यू-४ या वर्गात मोडते आणि विरघळलेला प्राणवायू, जैवरासायनिक प्राणवायू मागणी, जिवाणू अशा निकषांवर ते तपासले जाते. हे नमुने त्या निकषांत बसत होते. परंतु मच्छीमारांचा प्रश्न बंदराचे पाणी कायद्याच्या वर्गात बसते की नाही हा नव्हताच. उपशाच्या दिवसांत डोलीच्या जागेवर, एरवी भरती-ओहोटीमुळे जितका गढूळपणा असतो त्याहून अधिक गढूळपणा येतो का, असा तो नेमका प्रश्न होता. गटाने पहिल्याच पत्रव्यवहारात कामाचा उद्देश ‘बंदर परिसराची जलगुणवत्ता’ या मोघम शब्दांऐवजी या शब्दांत लिहून घेतला. तो निर्णय पुढे फार उपयोगी पडला, कारण उपग्रहाला प्राणवायू किंवा जिवाणू दिसत नाहीत. त्याला दिसतो तो पाण्याचा रंग, आणि रंगावरून गढूळपणा बऱ्यापैकी सांगता येतो.

विचारात घेतलेले पर्याय

केवळ होडीतून घेतलेल्या नमुन्यांची संख्या वाढवणे हा पर्याय सोसायटीला पसंत होता, पण कंपनीला तो महाग वाटला. शिवाय एका दिवशी चार-सहा ठिकाणचे नमुने घेऊन गढूळ पट्टा कुठून सुरू होतो आणि कुठे विरतो हे कळत नाही. गणिती प्रवाह-प्रतिमान उभारण्याचा पर्याय तांत्रिकदृष्ट्या सर्वांत भक्कम होता, मात्र त्यासाठी तळाची खोली, प्रवाहाचा वेग आणि गाळाचे कण यांची जी माहिती लागते ती गोळा करण्यातच एक मोसम गेला असता. ड्रोनचा विचार झाला आणि बंदराच्या सुरक्षेच्या नियमांमुळे लगेच सोडून देण्यात आला.

उरला तो उपग्रहाचा पर्याय. युरोपच्या सेंटिनेल-२ मालिकेतील पहिला उपग्रह जून २०१५ मध्ये आणि दुसरा मार्च २०१७ मध्ये सोडला गेला. मालिकेतील दोन उपग्रह मिळून एकाच जागेवर दर पाच दिवसांनी येतात. दृश्य प्रकाशातील त्यांच्या प्रतिमा १० मीटर तपशिलाच्या असतात आणि विनामूल्य मिळतात. भारताच्या ओशनसॅट मालिकेतील सागरी रंगमापक समुद्रासाठीच घडवलेला आहे आणि तो अधिक वेळा येतो, पण त्याचा एक पिक्सेल शेकडो मीटरचा असल्याने तीन-चारशे मीटर रुंदीच्या जलमार्गात तो जेमतेम एकदा मावतो. अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहाचा पिक्सेल ३० मीटरचा आहे. तपशील आणि किंमत यांचा हिशेब मांडल्यावर सेंटिनेल-२ ची निवड योग्यच होती. या टप्प्यावर प्रत्येक उपग्रहाच्या तपशिलाची, किमतीची आणि फेऱ्यांच्या अंतराची तुलना झाली. दिवसातील कोणत्या वेळी तो डोक्यावरून जातो, हा रकाना त्या तक्त्यात नव्हता.

पहिल्या मोसमातील काम

तांत्रिक बाजू गटाने काळजीपूर्वक सांभाळली. पाण्यावरून उपग्रहापर्यंत पोहोचणाऱ्या प्रकाशातला बहुतांश वाटा प्रत्यक्षात हवेने विखुरलेल्या प्रकाशाचा असतो आणि पाण्याचा स्वतःचा वाटा एक दशांशाच्या आसपास. त्यामुळे जमिनीसाठी बनवलेली वातावरणीय दुरुस्ती पाण्यावर वापरली तर लहानशी चूकसुद्धा गढूळपणाच्या आकड्यात मोठी होऊन येते. गटाने पाण्यासाठी विकसित केलेली दुरुस्ती वापरली. खाडीच्या कडेला कांदळवन आहे. झाडांची पाने अवरक्त किरणांत लखलखीत दिसतात आणि त्यांचा उजेड शेजारच्या पाण्याच्या पिक्सेलमध्ये सांडतो, म्हणून काठालगतची पट्टी हिशेबातून वगळली गेली. धक्क्याला लागलेली जहाजे, त्यांच्यामागचा फेस आणि तयार प्रणाली ज्याला चुकून ढग समजते तो दाट चिखलाचा पट्टा, या तिन्हींसाठी प्रत्येक प्रतिमा डोळ्यांनी तपासण्यात आली.

गढूळपणाचे सूत्र निवडतानाही विचार झाला. कमी गढूळ पाण्यात लाल किरणांचे परावर्तन गढूळपणाबरोबर वाढत जाते, परंतु चिखल एका मर्यादेपलीकडे गेला की ते वाढणे थांबते आणि पाणी कितीही दाट झाले तरी आकडा तिथेच अडून बसतो. अशा वेळी अवरक्त किरणांकडे वळावे लागते, आणि दोन्हींमध्ये सहज सरकणारे सूत्र उपलब्ध आहे. आणखी एक बारकावा एककाचा होता. प्रयोगशाळा गढूळपणा एनटीयू या एककात देत होती, तर उपग्रहासाठीची सूत्रे एफएनयू या एककावर बेतलेली असतात. पहिल्यात पांढऱ्या प्रकाशाने मोजतात, दुसऱ्यात अवरक्त प्रकाशाने, आणि दाट चिखलात दोन्हींचे आकडे जुळत नाहीत. गटाने होडीवर एफएनयू दाखवणारा मीटर वापरायला लावला.

मार्चअखेर तयार झालेल्या मसुद्याचा निष्कर्ष सरळ होता. ज्या प्रतिमांत गाळउपशाचे जहाज काम करताना दिसत होते त्या बहुतेक प्रतिमांत गढूळ पट्टा जहाजापासून खाडीच्या आत, म्हणजे पूर्वेकडे, ओढला गेलेला होता. काहींत तो जहाजाभोवतीच घुटमळलेला होता. डोलीच्या जागेवर तो स्पष्टपणे पसरलेला एकाही प्रतिमेत नव्हता. म्हणून उपशाचा परिणाम डोलीच्या क्षेत्रावर होत असल्याचे दिसत नाही, असे मसुद्यात लिहिले गेले.

मसुद्यावरील बैठक

कंपनीला निष्कर्ष आवडला आणि तिने तो तसाच अंतिम करावा असे सुचवले. गटाने मात्र करारात नसतानाही मसुदा सोसायटीपुढे मांडण्याचा आग्रह धरला. हा या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचा निर्णय म्हणावा लागेल.

बैठक सोसायटीच्या बर्फ साठवण्याच्या शेडमध्ये झाली. प्रतिमांचे छापील कागद लाकडी पेट्यांवर मांडून ठेवले होते आणि प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात तारीख होती. एका वयस्क तांडेलांनी, म्हणजे होडीच्या प्रमुखांनी, चित्रे पाहण्याआधी तारखा पाहिल्या, शेडच्या भिंतीवरचे कॅलेंडर काढून आणायला सांगितले आणि कागदांचे तिथीनुसार तीन गठ्ठे केले. मग त्यांनी प्रतिमा किती वाजता घेतली जाते असे विचारले. दर वेळी साधारण सव्वाअकराला, असे उत्तर मिळाल्यावर ते म्हणाले, “मग ताई, तुमच्या उपग्रहाने उधाणाची ओहोटी पाहिलेलीच नाही. आमच्या जाळ्यात चिखल येतो तो तेव्हाच.”

नागपुरातील घरांत कॅलेंडरवरची तिथी एकादशी आणि चतुर्थीच्या उपवासासाठी पाहिली जाते. किनाऱ्यावर तीच तिथी घड्याळाचे काम करते. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की त्या दिवशीच्या पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते, हा आडाखा कोकणात पोराटोरांना ठाऊक असतो. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता आणि पौर्णिमेला व अमावास्येला सव्वाअकराला भरती पूर्ण होते. साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी पूर्ण होते.

तिथीचे गणित

बैठकीनंतर गटाने हा आडाखा भरती-ओहोटीच्या अधिकृत तक्त्यांशी ताडून पाहिला. काही मिनिटांचा, क्वचित तासाभराचा फरक सोडला तर तो जुळला. पुढचे गणित त्यातून उलगडत गेले आणि ते थोडे विस्ताराने मांडणे आवश्यक आहे, कारण किनारी पाण्यावर उपग्रहाने नजर ठेवणाऱ्या प्रत्येकाला ते करावे लागते.

सेंटिनेल-२ सूर्याशी सांगड घातलेल्या कक्षेत फिरतो आणि तो स्थानिक सौर वेळेनुसार सकाळी साडेदहाच्या सुमारास विषुववृत्त ओलांडतो. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे आणि कोकणचा किनारा ७३ अंशांच्या जवळ आहे, त्यामुळे आपल्या घड्याळात तो तेथे सव्वाअकराच्या आसपास येतो. तो कधीही दुपारी तीनला येणार नाही. समुद्राचे चक्र मात्र सूर्याबरोबर चंद्राचेही ऐकते. भरतीची वेळ तिथीनुसार सरकते आणि भरतीची ताकदही तिथीनुसारच बदलते. सर्वांत जोरदार उधाण अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी, म्हणजे प्रतिपदा ते तृतीयेच्या सुमारास असते, तर अष्टमीच्या पुढेमागे भांगाची, म्हणजे कमी जोराची, भरती असते. याचा अर्थ ठरावीक वेळेला ठरावीक ताकदीची ठरावीक अवस्थाच दिसणार.

द्वितीयेला भरती दीडला पूर्ण होते, म्हणून सव्वाअकराला पाणी जोराने खाडीत शिरत असते. सप्तमीला त्या वेळी ओहोटी पूर्ण होऊन पाणी जवळजवळ थांबलेले असते. द्वादशीला भरती नऊला पूर्ण झालेली असते, त्यामुळे सव्वाअकराला पाणी बाहेर पडताना दिसते, पण ही ओहोटी मध्यम ताकदीची असते. प्रतिपदा ते तृतीयेची खरी जोरदार ओहोटी दुपारी एक-दोननंतर सुरू होते आणि संध्याकाळपर्यंत चालते, किंवा मध्यरात्रीनंतर सुरू होऊन पहाटेपर्यंत. या दोन्ही वेळी उपग्रह तेथे नसतो.

गढूळ पट्टा खाडीच्या आत ओढलेला का दिसत होता याचे उत्तर येथे मिळाले. प्रतिमा खऱ्या होत्या, दुरुस्ती बरोबर होती, सूत्रही योग्य होते. प्रश्न ज्या अवस्थेचा होता ती अवस्था त्यांत नव्हती.

यात आणखी एक गुंता निघाला. उपग्रह पाच दिवसांनी येतो, म्हणजे पंधरा दिवसांत तीन फेऱ्या होतात. उधाण आणि भांगाचे चक्र सुमारे १४.८ दिवसांचे आहे. दोन्ही आकडे इतके जवळ आहेत की एकदा द्वितीया, सप्तमी आणि द्वादशी या तिथी वाट्याला आल्या की पुढचे अनेक पंधरवडे त्याच तिथी येत राहतात. सरक इतकी संथ असते की चार महिन्यांच्या संपूर्ण मोसमात ती जेमतेम दोन तिथींची होते. तांडेलांचे तीन गठ्ठे झाले ते यामुळे. त्यांतील ओहोटी दाखवणारा द्वादशीचा गठ्ठा मोसमाच्या अखेरीस चतुर्दशीकडे सरकला, जेथे सव्वाअकराला भरती नुकतीच पूर्ण झालेली असते. उरलेल्या थोड्या द्वादशींपैकी काही धुरकट हवेत गेल्या आणि काही दिवशी गाळउपशाचे जहाज दुरुस्तीसाठी धक्क्याला होते.

लँडसॅटच्या प्रतिमा जोडून संख्या वाढवावी, ही सूचना तेव्हा पुढे आली. त्याने प्रतिमा वाढल्या असत्या, अवस्था नव्हे, कारण लँडसॅटही सकाळी त्याच सुमारास येतो. सकाळच्या वेळेला शास्त्रीय कारण आहे, कारण जमिनीवर दुपारी ढग वाढतात. पण समुद्राला ते सोयीचे पडतेच असे नाही.

पुढील मोसमात बदललेली पद्धत

उपग्रह सोडून देण्याचा विचार गटात झाला आणि तो नाकारला गेला. पट्टा कुठून सुरू होतो, किती रुंद असतो, भरतीत खाडीच्या आत कुठपर्यंत जातो, हे दुसऱ्या कोणत्याही साधनाने इतक्या स्वस्तात कळले नसते. प्रश्न न दिसणारा भाग भरून काढण्याचा होता.

पहिली गोष्ट म्हणजे प्रतिमांची मांडणी तारखेनुसार न करता भरती-ओहोटीच्या अवस्थेनुसार करण्यात आली. प्रत्येक प्रतिमेसमोर तिथी, पूर्ण भरतीपासूनचे अंतर आणि त्या दिवशीचा पातळीतील फरक लिहिला जाऊ लागला. जी घरे रिकामी राहिली ती तक्त्यात रिकामीच दाखवली गेली. अहवाल वाचणाऱ्याला न दिसलेली ओहोटी कोऱ्या चौकोनाच्या रूपात दिसणे, ही माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत उपयुक्त लेखनविषयक सुधारणा आहे.

दुसरी गोष्ट, होडीची वेळ बदलली. नमुने प्रतिपदा ते तृतीयेच्या दुपारी, साडेतीन ते साडेपाचच्या दरम्यान, ओहोटीच्या मध्याला घेण्याचे ठरले. उपग्रहाच्या आकड्यांची पडताळणी करण्यासाठी सव्वाअकराच्या फेऱ्याही होत्या. त्यांत उपग्रह आणि नमुना यांच्या वेळांतील फरक एका तासाच्या आत ठेवला गेला. खुल्या समुद्रासाठी तीन तासांपर्यंतचा फरक चालवून घेतला जातो, परंतु जेथे तीन तासांत पाण्याची दिशाच बदलते तेथे तो चालणार नाही, हे आता सर्वांना पटले होते.

तिसरी आणि सर्वांत खर्चिक गोष्ट म्हणजे डोलीच्या एका खुंटाला आणि जलमार्गापासून दूरच्या एका तुलनेच्या जागी, दर पंधरा मिनिटांनी गढूळपणाची नोंद करणारे दोन लॉगर बसवणे. कंपनीला होडीच्या दुपारच्या फेऱ्या पुरेशा वाटत होत्या. गटाने लॉगरसाठी जो युक्तिवाद केला तो असा : या किनाऱ्यावर दिवसाची आणि रात्रीची भरती सारखी नसते. पावसाळ्यात दिवसाची उधाणे मोठी असतात, हिवाळ्यात रात्रीची. उपसा हिवाळ्यात होतो आणि जहाज चोवीस तास चालते. म्हणजे मोसमातील सर्वांत मोठी ओहोटी मध्यरात्रीनंतर होणार, जेव्हा उपग्रहही नसतो आणि नमुने घेणारी होडीही नसते. हा मुद्दा भरतीच्या तक्त्यासह मांडल्यावर मंजुरी मिळाली.

लॉगरचा अनुभव संमिश्र होता. कोमट, सुपीक पाण्यात काचेवर काही आठवड्यांत शेवाळ आणि कवचधारी जीव धरतात. पुसणीची सोय असूनही तुलनेच्या जागेवरील लॉगरचे आकडे हळूहळू फुगत गेले. साफसफाईच्या दिवशी, पुसण्यापूर्वी आणि पुसल्यानंतर, हातातल्या मीटरने मोजून फरक लिहून ठेवला गेला म्हणूनच ते आकडे नंतर सावरता आले. डोलीच्या खुंटावरचा लॉगर तांडेलांच्या नजरेखाली असल्याने टिकला.

याशिवाय कंत्राटदाराकडून जहाजाची वेळवार नोंद मागवण्यात आली. गाळउपशाचे हे जहाज तळाचा गाळ पाण्यासह ओढून आपल्या पोटात भरते, आणि गाळ खाली बसल्यावर वरचे गढूळ पाणी ओव्हरफ्लोमधून पुन्हा समुद्रात सोडते. पट्टा बहुतांशी या ओव्हरफ्लोमुळे तयार होतो. जहाज काम करत होते एवढे कळणे पुरेसे नाही, ओव्हरफ्लो कधी चालू होता हे कळावे लागते. कंत्राटदाराने सुरुवातीला ही नोंद देण्यास टाळाटाळ केली. कंपनीने ती देयकाशी जोडल्यावर ती नियमित येऊ लागली.

निष्पत्ती

दुसऱ्या मोसमाच्या शेवटी मिळालेले उत्तर कोणत्याही एका पक्षाच्या बाजूने पूर्णपणे झुकणारे नव्हते. उधाणाच्या दिवसांत डोलीच्या जागेचे पाणी उपसा बंद असतानाही गढूळ होते, कारण जोरदार प्रवाह तळाचा चिखल स्वतःच उसळवतो. या बाबतीत कंत्राटदाराचे म्हणणे खरे होते. परंतु ज्या उधाणांत ओहोटीच्या वेळी ओव्हरफ्लो चालू होता, त्या वेळी डोलीच्या खुंटावरचा गढूळपणा त्याच तिथींच्या उपसा बंद असलेल्या दिवसांपेक्षा ठळकपणे वर गेलेला होता, आणि तुलनेच्या जागेवर तशी वाढ नव्हती. भरतीच्या वेळी आणि भांगाच्या दिवसांत फरक दिसला नाही. तांडेलांनी सांगितलेली अवस्था आणि लॉगरने दाखवलेली अवस्था एकच निघाली.

त्यावरून कंपनीने कामाच्या वेळापत्रकात एक अट घातली. अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या मोठ्या उधाणांत, ओहोटीच्या पहिल्या तासांत ओव्हरफ्लो बंद ठेवायचा आणि जहाजाने त्या वेळी गाळ टाकण्याच्या फेऱ्या कराव्यात. यामुळे दर फेरीत गाळ कमी भरतो आणि काम लांबते, म्हणून कंत्राटदाराने वाढीव मोबदला मागितला आणि तडजोडीने काही अंशी मिळवला. सोसायटीने अट मान्य केली, परंतु मासळीची आवक घटण्याचे कारण हेच आहे असे अहवालाने म्हणावे ही तिची मागणी गटाने स्वीकारली नाही. गढूळपणा मोजला होता, मासळी मोजली नव्हती. या भूमिकेमुळे सोसायटीतील काही जण नाराज झाले, आणि ती नाराजी समजण्यासारखी आहे, कारण त्यांच्या दृष्टीने चिखलाचा प्रश्न हा आवकेचाच प्रश्न होता.

काय वेगळे करता आले असते

सर्वांत स्वस्त सुधारणा पहिल्या आठवड्यातच शक्य होती. उपग्रहाच्या येत्या मोसमातील फेऱ्यांच्या तारखा आधीच जाहीर असतात, भरतीचे तक्तेही वर्षभर आधी मिळतात. दोन्ही एकत्र ठेवले असते तर कोणती अवस्था दिसणार नाही हे एकही प्रतिमा उतरवण्यापूर्वी कळले असते, आणि लॉगरचा खर्च पहिल्याच मोसमाच्या अंदाजपत्रकात धरता आला असता. तलावांच्या कामात या तपासणीची गरजच पडत नाही. फुटाळ्याचे पाणी सकाळी अकराला जसे असते तसेच दुपारी तीनलाही असते. त्यामुळे तलावातून खाडीकडे येताना कामाची पद्धत बदलली तरी तपासणीची यादी जुनीच राहिली.

सोसायटीला मसुद्याच्या टप्प्यावर न बोलावता प्रश्न ठरवतानाच बोलावायला हवे होते, असे गटातील काहींचे मत आहे. मी त्याच्याशी सहमत आहे, पण एक अडचण नोंदवावी लागेल. तेव्हा दाखवण्यासारख्या प्रतिमा नव्हत्या, आणि तारखा लिहिलेले कागद समोर नसते तर तांडेलांनी तिथीचा मुद्दा इतका नेमका काढला असता का, हे सांगता येत नाही. बहुधा कामाच्या पहिल्या महिन्यात, हाती आलेल्या मोजक्या प्रतिमा घेऊन जाणे हा मध्यम मार्ग ठरला असता.

उपसा एप्रिल-मेपर्यंत लांबला तर काय, याचा विचार अजून पुरेसा झालेला नाही. सेंटिनेल-२ सरळ खाली पाहतो. समुद्रासाठी बनवलेल्या ओशनसॅटच्या रंगमापकाप्रमाणे चकाकी टाळण्यासाठी त्याला कलता येत नाही. मे महिन्याच्या मध्यास या किनाऱ्यावर सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो, आणि त्याच्या आधी-नंतरचे अनेक आठवडे सकाळी अकरालाही पाण्यावरची चकाकी इतकी असते की पट्टा तिच्यात बुडून जातो. वेळापत्रकातील नव्या अटीमुळे काम लांबणार असेल, तर देखरेखीचा बराचसा भार लॉगरवरच येईल आणि त्यांची संख्या वाढवावी लागेल.

तळाचा प्रश्न त्याहून अवघड आहे. इतक्या गढूळ पाण्यात प्रकाश मीटरभरही खोल जात नाही, म्हणून उपग्रह फक्त वरचा थर पाहतो. बसवलेले लॉगरही पृष्ठभागापासून फार खोल नव्हते. गाळ टाकताना जहाज तळाचे दरवाजे उघडते, तेव्हा जड गाळ सरळ खाली जाऊन तळाला चिकटून पसरतो, आणि डोल जाळ्यांचा खालचा भाग तळाजवळच असतो. गाळ टाकण्याची जागा दूर असली तरी तळाशी सरकणारा हा थर डोलीपर्यंत येतो का, याचे उत्तर आजच्या मांडणीत मिळत नाही. गटाने तिसऱ्या मोसमासाठी खुंटाच्या पायथ्याशी आणखी एक लॉगर बसवण्याचा प्रस्ताव दिला आहे. त्याचा खर्च कंपनीने करायचा की कंत्राटदाराने, यावर हे टिपण लिहीपर्यंत निर्णय झालेला नव्हता.